उपग्रह इंटरनेटसाठी बॅटरी बॅकअप निवडताना

उपग्रह इंटरनेटची डिश थेट आकाशाशी जोडलेली असते, त्यामुळे जमिनीवरची केबल तुटली किंवा मोबाइलचे टॉवर बंद पडले तरी ती चालू राहू शकते. वीज गेली की मात्र हा सगळा फायदा क्षणात संपतो. वादळात आणि पुरात संपर्काची गरज सर्वांत जास्त असते आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते. म्हणून बॅटरीचा विचार जोडणी घेतानाच करावा. बहुतेक जण आधी बॅटरी विकत घेतात आणि ती किती तास पुरेल हे नंतर पाहतात. हा क्रम उलटा हवा: आधी लोड, म्हणजे सगळी उपकरणे मिळून किती वॅट वीज घेतात, तो मोजावा, मग किती तास हवेत ते ठरवावे आणि बॅटरी सर्वांत शेवटी निवडावी.

लोड मोजताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातात आणि डिशला एकामागून एक नवा उपग्रह धरावा लागतो. हे काम अखंड चालते, म्हणून घरात कोणी इंटरनेट वापरत नसले तरी डिश वीज खातच असते. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेच्या नेहमीच्या डिशला सरासरी ७५ ते १०० वॅट लागतात, तर छोट्या मिनी डिशला २५ ते ४० वॅट पुरतात. डिशवरचा बर्फ वितळवण्याची सोय चालू असेल, तर हा आकडा बराच वाढतो. तरीही छापील आकड्यांवर थांबू नये. प्लगमध्ये लावायचे साधे वीजमापक घेऊन डिश, राउटर आणि घरात दुसरीकडे सिग्नल पोचवणारे उपकरण यांचा २४ तासांचा वापर मोजावा. मापकाने २.१६ युनिट दाखवले, तर २१६० वॅट-तासांना २४ ने भागून सरासरी ९० वॅट निघतात. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो.

समजा, या ९० वॅटच्या लोडला ६ तासांचा बॅकअप हवा आहे. म्हणजे उपकरणांपर्यंत ५४० वॅट-तास पोचले पाहिजेत. मध्ये इन्व्हर्टर असेल, तर बॅटरीतील डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज घरातल्या प्लगसारखी एसी (दिशा सतत बदलणारी) करताना साधारण १५ टक्के वाया जाते, म्हणून बॅटरीतून सुमारे ६३५ वॅट-तास काढावे लागतात. बॅटरीवर लिहिलेली सगळी क्षमता वापरता येते असे समजणे ही या हिशेबातली सर्वांत मोठी गफलत आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्क्यांपर्यंत निर्धास्तपणे वापरता येते. त्यातच बॅटरी जुनी झाल्यावर तिची क्षमता कमी होणार, हे धरून आणखी २० टक्के राखीव ठेवावेत. या सगळ्या वजावटी केल्यावर (लिथियमचा वापर ८५ टक्के धरून) लिथियम बॅटरी सुमारे ९३५ वॅट-तासांची, म्हणजे १२.८ व्होल्टला ७३ अ‍ॅम्पिअर-तासांची लागते; लेड-अ‍ॅसिड मात्र सुमारे १५९० वॅट-तासांची, म्हणजे १२ व्होल्टला १३२ अ‍ॅम्पिअर-तासांची. बाजारात मिळणाऱ्या मापांत हे पहिल्या बाबतीत ८० किंवा १०० आणि दुसऱ्या बाबतीत १५० अ‍ॅम्पिअर-तास होते. दोन प्रकारांच्या किमतींची तुलना करायची असेल, तर ती वापरता येणाऱ्या वॅट-तासांवर करावी. नुसत्या अ‍ॅम्पिअर-तासांवर केलेली तुलना फसवी ठरते.

वीज क्वचित जात असेल आणि घरात आधीच चांगला इन्व्हर्टर असेल, तर लेड-अ‍ॅसिड पुरेशी आहे. तिच्यात वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालण्याची आणि ती हवेशीर जागी ठेवण्याची तयारी मात्र हवी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. वीज रोज जात असेल, तर माझा कौल नि:संशय लिथियम आयर्न फॉस्फेटला आहे. ती हजारो वेळा चार्ज होते, वजनाने हलकी असते आणि मुख्य म्हणजे लवकर भरते. सकाळी ४ तास आणि संध्याकाळी ४ तास वीज जात असेल, तर मधल्या वेळात बॅटरी पूर्ण भरते की नाही, यावरच संध्याकाळचा बॅकअप अवलंबून असतो. लेड-अ‍ॅसिडला पूर्ण भरायला सहसा १० तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे ती दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहते आणि त्यानेच खराब होते. लिथियम बॅटरीची मर्यादा थंडीत जाणवते: तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करू नये. चार्जर मात्र त्या-त्या प्रकारच्या बॅटरीसाठीचाच हवा.

संगणकाच्या छोट्या यूपीएसवर भिस्त ठेवू नये. अशा यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे कागदावरच ती ८४ वॅट-तासांची असते आणि ९० वॅटच्या लोडवर जेमतेम अर्धा तास टिकते. पॉवर बँकेवरचा २०,००० मिलिअ‍ॅम्पिअर-तासांचा आकडाही मोठा वाटतो, तो ३.७ व्होल्टचा असल्याने प्रत्यक्षात ७४ वॅट-तासच भरतात. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी एकसारखी लहर देणारा, असावा आणि तो यूपीएस मोडवर ठेवावा, म्हणजे वीज जाताच तो काही मिलिसेकंदांत लोड उचलतो. बदलाला जास्त वेळ लागला, तर डिश बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि उपग्रह शोधण्यात तिची काही मिनिटे जातात. चालू असलेला महत्त्वाचा कॉल तेवढ्यात तुटतो.

डिश थेट डीसीवर चालणारी असेल, तर इन्व्हर्टर टाळणेच उत्तम. मिनी डिश १२ ते ४८ व्होल्ट डीसीवर चालते, त्यामुळे बॅटरीची वीज एसी करून पुन्हा डीसी करण्याचा दुहेरी तोटा वाचतो. इतर डिशना मात्र त्यांच्या व्होल्टेजशी जुळणारा कन्व्हर्टरच (व्होल्टेज बदलणारे उपकरण) लावावा. येथे तारेची जाडी महत्त्वाची ठरते. १२ व्होल्टवर १०० वॅटसाठी ८ अ‍ॅम्पिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहतो आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १० मीटर अंतरावर जाता-येता सुमारे १.२ व्होल्ट गळतात, म्हणजे एक दशांश. हेच ४८ व्होल्टवर केले, तर प्रवाह २ अ‍ॅम्पिअरच्या आसपास उरतो आणि गळती एक टक्क्याच्याही खाली येते. म्हणून अंतर लांब असेल, तर बॅटरी डिशजवळ ठेवावी किंवा व्होल्टेज वाढवावे. बॅटरीच्या धन टोकाशी लगेच फ्यूज हवाच. तारेत शॉर्ट सर्किट झाले, तर बॅटरी ती तार क्षणात लाल करते.

सगळे जोडून झाल्यावर, बॅटरी पूर्ण भरलेली असताना मुख्य स्विच मुद्दाम बंद करावा आणि डिश प्रत्यक्षात किती तास चालते ते घड्याळ लावून पाहावे. मिळालेला वेळ तारखेसह बॅटरीवरच चिकटवून ठेवावा आणि दर ६ महिन्यांनी ही चाचणी पुन्हा घ्यावी.