ग्रीसची बेटे आणि जुनी शहरे: निघण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी परतीच्या विमानाची तारीख कागदावर लिहावी आणि तिच्या आदल्या रात्रीसमोर ‘मुख्य भूमी’ एवढेच लिहून ठेवावे. बाकीचा सगळा बेत त्यानंतर आखावा. बेट कितीही आवडले तरी शेवटची रात्र बेटावर काढायची नाही. मागच्या खेपेला हीच एक गोष्ट माझ्या यादीत नव्हती. सकाळी नाक्सोस बेटावरून जहाज आणि रात्री अथेन्सहून विमान, असा हिशेब मांडला होता. आम्ही बंदरावर पोहोचलो तेव्हा तिकीटघराच्या काचेवर हाताने लिहिलेली ग्रीक सूचना चिकटवलेली होती, धक्क्याजवळच्या शिडाच्या होड्यांचे दोर डोलकाठ्यांवर सारखे आपटत होते आणि आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. जहाज सुटले नाही आणि विमान गेले.

वादळाची आपली कल्पना पावसाळ्यावर बेतलेली असते, म्हणून हे कारण नीट समजून घ्यावे. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते आणि जंजिऱ्याच्या होड्याही उभ्या असतात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही, कारण समुद्र खवळतो तेव्हा आभाळही भरून आलेले असते. ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा ऐन जुलै-ऑगस्टमध्ये, लख्ख उन्हात, कधीकधी सलग काही दिवस वाहत राहतो. त्याचा जोर बोफोर्ट मापाने साधारण 8 वर गेला की बंदर अधिकारी मोठ्या जहाजांनाही निघू देत नाहीत, आणि वेगवान कॅटमरान (दोन तळांच्या बोटी) तर त्याआधीच थांबतात. या बंदीला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. हा शब्द बंदरावर किंवा हॉटेलात कानावर पडला, तर दुसऱ्या दिवशीचे बेत त्याच क्षणी बदलायला घ्यावेत, कारण उरलेल्या खोल्या तासाभरात संपतात. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या जहाजात जागा मिळते, पण चुकलेल्या विमानाची भरपाई जहाज कंपनी देत नाही आणि वेगळे काढलेले विमानाचे तिकीट कोणी आपणहून बदलूनही देत नाही. वाऱ्याखेरीज खलाशांचे संपही होतात आणि तेव्हा देशभरची जहाजे एकदम थांबतात. म्हणून पुन्हा सांगतो: शेवटची रात्र मुख्य भूमीवर, आणि जुलै-ऑगस्टचा प्रवास असेल तर शेवटच्या दोन रात्री.

यावर उत्तम उपाय म्हणजे बेटे आधी आणि जुनी शहरे नंतर, असा क्रम लावणे. बहुतेक जण अथेन्सनंतर पेलोपोनीज हा दक्षिणेकडचा द्वीपकल्प उरकून शेवट बेटावर विश्रांतीने करतात. तो क्रम उलटा करावा. ऱ्होड्स किंवा पात्मोस आधी पाहून घ्यावे आणि अखेरचे दिवस पेलोपोनीजमधल्या नाफ्प्लिओ शहराला ठेवावेत, म्हणजे अथेन्स आणि आपण यांच्यामध्ये फक्त अडीच तासांचा बसचा रस्ता उरतो. हे शहर शेवटी ठेवल्याने काही कमी पडत नाही. 1829 ते 1834 या काळात ते आधुनिक ग्रीसच्या राजधानीचे ठिकाण होते. सेंट स्पिरिडॉनच्या छोट्या चर्चच्या दाराशी 1831 साली देशाचे पहिले राज्यप्रमुख इयोआनिस कापोदिस्त्रियास यांची हत्या झाली, आणि तिथल्या भिंतीवरची गोळीची खूण काचेमागे जपलेली आहे. वर पालामिदीचा किल्ला व्हेनिसवाल्यांनी 1711 ते 1714 मध्ये बांधला आणि पुढच्याच वर्षी तो तुर्कांनी घेतला. पायऱ्या 999 आहेत असे लोक सांगतात. त्या सकाळी लवकर चढाव्यात, कारण वाटेत सावली फारशी नाही. हाताशी गाडी आणि आणखी दोन दिवस असतील तर मिस्त्रास हे उजाड बायझंटाइन शहर आणि मोनेमवासिया जोडावे. मोनेमवासिया हे समुद्रातल्या खडकावरचे बायझंटाइन गाव एका अरुंद बांधाने किनाऱ्याला जोडलेले असल्यामुळे बेटावर राहिल्याचे समाधान मिळते आणि जहाजावर अवलंबून राहावे लागत नाही. तटाच्या आत मोटारींना प्रवेश नाही, सामान हातानेच न्यावे लागते.

बेटे निवडताना नकाशा समोर ठेवावा आणि एकाच समूहातली बेटे घ्यावीत. कॉर्फूचे जुने शहर पाहण्याजोगे आहे, पण ते पश्चिमेला आयोनियन समुद्रात आहे; तिथली जहाजे अथेन्सच्या पिरेयस बंदरातून नव्हे, तर वायव्येकडच्या इगूमेनित्साहून सुटतात. कॉर्फू आणि ऱ्होड्स एका आठवड्यात बसवण्याचा हट्ट धरू नये. पात्मोस आणि ऱ्होड्स मात्र एकाच दोदेकानीज समूहात आहेत. पात्मोसला विमानतळ नाही, त्यामुळे तिथे जाणे-येणे पूर्णपणे समुद्राच्या मर्जीवर चालते, आणि 1088 साली स्थापन झालेला सेंट जॉनचा मठ पाहायचा असेल तर ते बेट प्रवासाच्या सुरुवातीलाच घ्यावे.

ऱ्होड्सला किमान दोन पूर्ण दिवस द्यावेत, कारण जुने शहर दिवसा एक असते आणि पर्यटक जहाजांची गर्दी ओसरल्यावर दुसरेच असते. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका संघाने, 1309 पासून दोनशेहून अधिक वर्षे इथे राज्य केले आणि 1522 च्या वेढ्यानंतर सुलतान सुलेमानाने शहर घेतले. त्यामुळे गॉथिक कमानींच्या रस्त्यावरून थोडे पुढे गेले की मशिदीचा मिनार दिसतो. इथली एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवतो. गल्ल्यांमध्ये समुद्रातले अंड्याएवढे गुळगुळीत गोटे उभे बसवलेले आहेत. त्यांवर ट्रॉली बॅगेची चाके अडकतात आणि पातळ तळाच्या चपलांतून प्रत्येक गोटा पायाला लागतो. जाड तळाचे बूट आणि पाठीवरची बॅग न्यावी. घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर तटाच्या दाराजवळची खोली घ्यावी.

व्हिसाबद्दल थोडक्यात. ग्रीससह युरोपातल्या अनेक देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, आणि उन्हाळ्यातल्या भेटीच्या वेळा फार लवकर भरतात, म्हणून थांबू नये. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. तो परतीच्या तारखेपुरता न घेता पुढचे काही दिवस धरून घ्यावा, आणि शक्य असेल तर व्हिसाही तसाच मागावा, कारण वाऱ्याने अडकलात तर व्हिसाचा एकेक दिवस मोजावा लागतो.

हंगाम मे, जून किंवा सप्टेंबर. ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक वर्षी पाश्चात्त्य ईस्टरपेक्षा वेगळ्या दिवशी येतो. तारीख तपासावी, कारण त्या आठवड्यात जहाजे भरलेली आणि अनेक स्थळे बंद असतात. अथेन्सच्या अक्रोपोलिस या प्राचीन टेकडीचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, ते आधी काढावे. प्राचीन अवशेषांच्या डेलोस बेटावर मुक्कामाला परवानगी नाही. शेजारच्या मिकोनोस बेटावरून होडीने जाऊन त्याच दिवशी परतावे लागते, आणि वारा असेल तर ही होडीही रद्द होते. टोपी आणि पाणी सोबत हवेच.

पिरेयसला जहाज कोणत्या दारातून सुटते ते आदल्या दिवशी पाहावे. दारांना ई-1, ई-2 असे क्रमांक आहेत, बंदर अवाढव्य आहे आणि मेट्रो स्थानकापासून दूरच्या दारापर्यंत बॅगा ओढत चालणे शक्य नाही. काही जहाजे राफिना किंवा लाव्रिओहून सुटतात, म्हणून तिकिटावरचे बंदराचे नाव वाचावे.

शाकाहारींनी ‘निस्तीसिमा’ हा शब्द लक्षात ठेवावा. हे त्यांच्या उपवासाचे जेवण; त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कालवे-कोळंबी चालतात, तेव्हा तेवढे विचारून घ्यावे. पिवळ्या डाळीचा फावा, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगांतेस आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या बहुतेक ठिकाणी मिळतात.

गाडी चालवायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी काढावा. ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास आधीच सांगावे. मठांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, बोट लागण्यावरच्या गोळ्या, नेहमीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, थोडे सुटे युरो. पासपोर्ट आणि तिकिटांच्या प्रती.