लिव्हिंग विल करायचंय? आधी घरच्यांशी बोला

पहिल्यांदाच सांगते, लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा, हा विषय तिन्हीसांजेला काढू नका. मी काढला होता. देवापाशी दिवा लावून आई मेथी निवडायला बसली आणि मी आपलं सुरू केलं की आई, तुला कधी व्हेंटिलेटरवर ठेवायची वेळ आली तर... पुढचं बोलूच दिलं नाही, "दिवेलागणीला काय अभद्र बोलतेस गं" म्हणत मेथीसकट उठून आत गेली. आठ दिवस विषय बंद.

पण मला गप्प बसवत नव्हतं कारण काकांचं बघितलं होतं. १९ दिवस आयसीयू. नाकातली नळी सारखी ओढून काढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने कॉटच्या दांडीला बांधलेले, आणि बाहेर बाकड्यावर दोघं भाऊ, एक म्हणतोय सगळं करा डॉक्टर, दुसऱ्याला पुरे म्हणायचंय पण बोलला तर जन्मभर वाईट ठरणार. काकांना काय हवं होतं? कोणी कधी विचारलंच नव्हतं.

तर माझं मत असं की चाळिशी झाली की प्रत्येकाने हे लिहून ठेवावं. आणि इच्छामरण म्हणजे इंजेक्शन देऊन मारणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, ते आपल्याकडे बेकायदाच आहे, आणि खरं सांगू, ते तसंच राहावं असं मला वाटतं, कारण फ्लॅटसाठी म्हाताऱ्यांना नको नको करणारी घरं मी बघितलीत. लिव्हिंग विल म्हणजे एवढंच की आजार बरा होण्यातला नाही आणि उपचार फक्त लांबवतायत, तेव्हा मशीन लावू नका किंवा काढा. दुखणं कमी करायची औषधं चालूच राहतात.

यावर वाद घालताना लोक अरुणा शानबाग यांचं उदाहरण देतात, मीही द्यायचे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स, १९७३ मध्ये हल्ला झाला, २०१५ मध्ये गेल्या, तोपर्यंत भान नसलेल्या अवस्थेत तिथेच. पण त्यांना जाऊ द्या असा अर्ज कोर्टात आला तेव्हा विरोध केला तो त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या नर्सेसनीच, इतक्या वर्षांत अंगावर एक बेडसोर होऊ दिला नव्हता त्यांनी. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अर्ज फेटाळला, मात्र उपचार थांबवण्याचा दरवाजा थोडा उघडला. हे कळल्यावर माझा आवाज जरा खाली आला. त्या तेव्हा व्हेंटिलेटरवर नव्हत्याच, आणि मुख्य म्हणजे त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नव्हतं, मग बाकीचे भांडणार नाहीत तर काय.

आता कागदाचं. लिव्हिंग विलला मान्यता मिळाली २०१८ मध्ये, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची त्यामुळे कोण करतंय. २०२३ मध्ये कोर्टानेच सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, बास. साक्षीदार शक्यतो बाहेरचे घ्या, ज्यांना तुमच्या इस्टेटीत काही मिळणार नाही असे. प्रॉपर्टीचं मृत्युपत्र वेगळं, ते यात कालवू नका.

लिहिताना "मला त्रास नको" असलं मोघम लिहू नका, त्याचा डॉक्टरला काडीचा उपयोग नाही. नाव घेऊन लिहा, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, यातलं काय नको आणि कोणत्या अवस्थेत नको. अवस्था महत्त्वाची, कारण न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून माणसं चालत घरी येतात, तिथे नको म्हणून कसं चालेल! फॅमिली डॉक्टरसमोर बसून लिहिलंत तर उत्तम.

मग तुमच्या वतीने बोलणारी माणसं, आता एकापेक्षा जास्त नावं घालता येतात. सगळ्यात लाडकं कोण ते बघू नका, आयसीयूच्या दारात न रडता बोलू शकेल असं कोण आहे ते बघा. आमच्याकडे ती मावसबहीण निघाली, भाऊ थोडा फुगला.

कागद झाला की कॉपी त्या माणसांना, फॅमिली डॉक्टरला आणि महापालिका किंवा पंचायतीतल्या कस्टोडियनला, म्हणजे हे कागद सांभाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याला. महाराष्ट्रात असे कस्टोडियन नेमलेत, तरी खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही (आमच्याकडे त्याने मला जन्ममृत्यू नोंदणीच्या लाइनीत उभं केलं), पोच घेतल्याशिवाय हलू नका. मत बदललं तर लेखी रद्द करून नवीन करता येतं. आणि कागद दाखवला की लगेच नळी काढली असं होत नाही, आधी हॉस्पिटलचं डॉक्टरांचं बोर्ड बघतं, मग दुसरं बोर्ड, शक्यतो ४८ तासांत प्रत्येकी, तुम्ही नावं दिलेल्या माणसांची संमती लागते, मॅजिस्ट्रेटला कळवतात. अडलंच तर हायकोर्ट. हे सगळं तुम्ही शुद्धीवर नसाल तेव्हाचं, शुद्धीवर असाल तर तुमचा शब्द आहेच.

आईचं कसं जमलं? तिला विचारणं सोडलं आणि माझंच करून आणलं, सकाळी चहाबरोबर तिच्यापुढे ठेवलं, म्हटलं माझं काही झालं तर तुला हे बघावं लागेल, वाचून ठेव. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग काही न बोलता पोळ्या केल्या. दुपारी स्वतःहून म्हणाली, विनोबांनी नाही का पवनारला शेवटी अन्न, औषध सगळं सोडलं, १९८२ साल, तू पोटात होतीस. आणि मग, "मला पण एक करून दे. पण मी सांगते तसं लिही."

तिच्या कागदात माझ्यापेक्षा एक ओळ जास्त आहे. नोटरीने वाचताना मान वर करून बघितलं, म्हणाला आजी हे कायद्यात येत नाही. आई म्हणाली, असू दे. ओळ अशी: हॉस्पिटलचा तो मागून उघडा गाऊन मला घालू नये, वरून माझी साडी पांघरावी.