फोकस करताय तरी काहीच पूर्ण होत नाहीये? मग या चुका टाळा

आता फक्त एकाच गोष्टीवर फोकस करायचा असं आपण ठरवतो आणि महिन्याभराने बघावं तर ती एक गोष्ट आधीच्या आठ कामांच्या रांगेत नववी होऊन उभी असते. सगळ्यात मोठी चूक हीच, नवीन काम घेतलं पण जुनं एकही सोडलं नाही. त्यामुळे काय करायचं याची लिस्ट करताना काय करायचं नाही तेही लिहा, नावानिशी, "वेळ वाया घालवणार नाही" असलं मोघम काही नको.

दुसरी चूक म्हणजे सगळी कामं एकाच वेळी थोडी थोडी पुढे सरकवत राहणं. जरा हिशोब करूया. समजा तुमच्याकडे तीन कामं आहेत, प्रत्येकाला चार दिवस लागतात. रोज एकेक आलटून पालटून केलं तर ती संपणार दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या दिवशी. तेच एकामागून एक केलं तर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी. मेहनत तेवढीच, शेवटच्या कामाला उशीर नाही आणि पहिलं मात्र सहा दिवस आधी हातावेगळं! शिवाय यात मी काम बदलताना जाणारा वेळ धरलेलाच नाहीये. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली यावरच पेपर लिहिला होता, की अर्धवट काम सोडून दुसऱ्याला हात घातला तरी लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो. मीटिंग संपवून रिपोर्ट उघडला आणि एकच ओळ तीनदा वाचली, हा अनुभव कुणाला नाही? आता काम मध्येच सोडावं लागतंच, बॉसचा फोन आला तर काय करणार, पण उठायच्या आधी "परत आलो की इथून हे करायचं" एवढी एक ओळ खरडून ठेवा, खूप फरक पडतो.

फोकसचं नावच ढगळ ठेवणं ही पण चूकच. "तब्येत", "करिअर", "इंग्लिश" हे फोकस नाहीत हो, ही तर खाती झाली. "रोज अर्धा तास इंग्लिशमध्ये मोठ्याने बोलायचं" असं काहीतरी हवं, म्हणजे रात्री झालं की नाही ते हो-नाहीमध्ये सांगता येतं.

आणि हो, फोकसच्या नावाखाली झोप आणि घरच्यांचा वेळ कापू नका, कापायचे असतील तर चार व्हॉट्सअॅप ग्रुप कापा.

शेवटची चूक, कंटाळा आला की फोकसच बदलायचा. तिसऱ्या आठवड्यात हमखास वाटतं की आपण भलतंच काहीतरी निवडलंय, तेव्हा आधी या कामाला आत्तापर्यंत नक्की किती तास दिले ते मोजा. बऱ्याचदा उत्तर चार-पाच तास असं निघतं, मग अजून थोडे दिवस थांबा. भरपूर तास देऊनही काहीच हललं नसेल तर मात्र बिनधास्त बदला.