सायकलवरून जोरात पडलात तर आधी काय, नंतर काय, आणि परत रस्त्यावर कसं यायचं

जोरात पडलं की माणूस पहिलं काय करतो तर ताडकन उठतो, लोकं बघतायत म्हणून कपडे झटकतो, काही नाही काही नाही म्हणतो आणि सायकल सरळ करायला लागतो. एवढं करू नका. त्या वेळी अंगात ॲड्रेनलिन इतकं असतं की मोडलेलं हाडसुद्धा लगेच बोंबलत नाही, त्यामुळे पहिली काही मिनिटं "मला काही झालं नाही" या आपल्याच बोलण्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. मान दुखतेय किंवा हातापायाला मुंग्या आल्यात असं वाटलं तर हलू नका, पडून राहा आणि जमलेल्यांपैकी एकाला गाड्या थांबवायला सांगा, दुसऱ्याला ॲम्ब्युलन्सला फोन करायला. लोकं चांगल्या मनाने काखेत हात घालून उचलतात, हेल्मेट ओढून काढतात, ते करू द्यायचं नाही. दुसरा कोणी पडलाय आणि शुद्धीत नाहीये तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. मान वगैरे ठीक असेल तर मात्र सगळ्यात आधी रस्त्याच्या बाहेर या, सायकल राहू दे तिथेच, ती नंतर उचलता येते.

दवाखान्यात जायचंच, आपल्या पायाने चालत जाता येत असलं तरी. आणि तिथे डॉक्टरला नीट सांगायचं की कसे पडलात, हँडलवरून पुढे गेलात की कुशीवर आपटलात, हात टेकवला का, डोकं लागलं का, हँडल पोटात घुसलं का. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

डोक्याचं सगळ्यात आधी बोलू. मेंदूला हादरा बसला म्हणजे शुद्ध हरपलीच पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटतं पण बहुतेक वेळा शुद्ध हरपतच नाही, माणूस बोलत असतो, चालत असतो, फक्त तोच तोच प्रश्न परत विचारत असतो किंवा पडल्याचा तो क्षणच त्याला आठवत नसतो. आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे हादरा बसलाच नाही असंही नाही, स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं, हादरा दिसत नाही. पहिले एक-दोन दिवस घरात एकटं राहायचं नाही. डोकेदुखी वाढतच चाललीये, परत परत उलट्या होतायत, डोळ्याची एक बाहुली मोठी आणि एक छोटी दिसतेय, नाका-कानातून पाण्यासारखं काही येतंय, झटके आले, बोलणं अडखळतंय, हात किंवा पाय लुळा वाटतोय किंवा जागं करायला गेलं तर नीट जागच येत नाहीये, यातलं एक जरी झालं तरी सकाळपर्यंत वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे पोटातला मुका मार. हँडलचं टोक पोटात बसलं की वरून फक्त एक छोटा गोल वळ दिसतो आणि आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला मार लागलेला असू शकतो, लहान मुलांमध्ये तर हे खास होतं. कधी कधी त्रास काही तासांनी, काही दिवसांनीसुद्धा सुरू होतो. पोट कडक होणं, चक्कर येणं, अंग पांढरं पडून घाम सुटणं, आणि खांद्याला काही लागलेलं नसताना डावा खांदा दुखणं, ही लक्षणं पाठ करून ठेवा. खांदादुखी म्हणून लोक मलम चोळत बसतात आणि रक्तस्राव पोटात चालू असतो.

तिसरी गोष्ट मनगटाची. पडताना हात टेकवला असेल आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जी खळी पडते तिथे दाबून दुखत असेल तर "एक्स-रे क्लिअर आहे" एवढ्यावर घरी येऊन विसरू नका. तिथलं एक छोटं हाड मोडलेलं असूनही पहिल्या एक्स-रेमध्ये दिसत नाही असं बऱ्याचदा होतं, म्हणून 10 ते 14 दिवसांनी परत एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात, आणि तोपर्यंत ते मोडलंय असं धरूनच मनगट बांधून ठेवतात. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही आणि मनगट कायमचं कुरकुरत राहतं.

खरचटल्याचं थोडक्यात. भरपूर स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवायचं, आत घुसलेली खडी-माती निघाली पाहिजे, नाहीतर कातडी त्याच्यावरूनच भरते आणि गोंदल्यासारखा काळा डाग कायमचा राहतो. जखम उघडी टाकून कडक खपली धरू देण्यापेक्षा ओलसर राहील अशी झाकलेली बरी, लवकर भरते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा, मातीने भरलेल्या जखमेत 5 वर्षांच्या वर झाली असतील तर परत घ्यायला सांगतात.

घरी बसायचे दिवस

कॉलरबोन म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंत जाणारं हाड, हे सायकलवाल्यांचं नेहमी मोडणारं हाड, मोठ्या माणसात जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे घेतं. बरगडीला 6 आठवडे धरा. बरगडीला घट्ट पट्टा बांधायचा मोह होतो, बांधू नका, कारण दुखतं म्हणून आपण आधीच वरवरचा श्वास घेतो, पट्ट्याने तो आणखी वरवरचा होतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. डॉक्टरने दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर घ्यायची ती सहनशक्ती कमी आहे म्हणून नाही, खोल श्वास घेता यावा म्हणून. खोकताना शिंकताना उशी छातीला धरायची, खूप फरक पडतो.

हात स्लिंगमध्ये असला तरी बोटं, मनगट, कोपर डॉक्टरने सांगितलंय तसं हलवत राहायचं. लोकं आठवडेच्या आठवडे हात पोटाशी धरून बसतात आणि मग हाड जुळतं पण खांदा आखडतो, आणि तो मोकळा करायला हाड जुळण्यापेक्षा जास्त वेळ जातो. फिजिओकडे जाणं ही चैन नाहीये. कंटाळवाणं असतं हे मान्य, तोच रबरबँड तेच दहा दहा वेळा, पण करा.

डोक्याला हादरा बसला असेल तर पहिले 24 ते 48 तास खरंच आराम, मोबाईलसुद्धा कमीत कमी, दारू नाही, गाडी चालवणं नाही. पण त्यानंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा जुना सल्ला आता देत नाहीत, हळूहळू चालायला लागा, मग घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, हलकं पेडलिंग, मग थोडं जोरात, प्रत्येक पायरीला कमीत कमी एक पूर्ण दिवस द्यायचा आणि डोकं चांगलंच दुखायला लागलं की थांबून मागच्या पायरीवर यायचं. रस्त्यावर मात्र सगळी लक्षणं गेल्यावर आणि डॉक्टर हो म्हटल्यावरच. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर प्रकरण फार गंभीर होऊ शकतं, आणि शिवाय अशा अवस्थेत तोलही नीट नसतो आणि रिॲक्शन पण मंद असते, म्हणजे परत पडायची शक्यता वाढलेलीच.

बसल्या बसल्या एक काम करा, सायकल तपासून घ्या. हेल्मेट आपटलं असेल तर बाहेरून कितीही नवं दिसू दे, फेकून द्या, आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. फेकताना पट्टे कापा म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही. कार्बनची फ्रेम, फोर्क किंवा हँडल असेल तर जाणकाराकडूनच बघून घ्या, कार्बन आतून तडकलेला असतो आणि बाहेर नुसता ओरखडा दिसतो आणि मग एक दिवस अचानक तुटतो. ॲल्युमिनियमचं हँडल वाकलं असेल तर ठोकून सरळ करू नका, बदला. चाक फिरवून डगमगतंय का बघा. आणि मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्याला लटकतो तो धातूचा तुकडा, हा हमखास विसरला जातो, सायकल गिअरच्या बाजूवर पडली की हा जरासा आत वाकतो, सगळं ठीक चालतंय असं वाटतं आणि चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये.

परत बसताना भीतीचं काय करायचं

भीती वाटणारच. पण तिच्यामुळे सायकल वाईट चालवली जाते हे लक्षात घ्या. घाबरलेला माणूस हँडल आवळून धरतो, कोपरं ताठ करतो, सतत ब्रेकवर बोटं आणि नजर पुढच्या चाकाच्या जेमतेम दोन हातांवर. खड्ड्याकडे टक लावून बघत राहिलं की सायकल बरोबर त्याच खड्ड्यात जाते, नवशिका असो की जुना, हे सगळ्यांचं होतं. म्हणून खड्डा दिसला की त्याची नोंद घ्यायची आणि डोळे लगेच बाजूच्या मोकळ्या जागेवर न्यायचे, सायकल डोळ्यांच्या मागे जाते.

सुरुवात गाड्या नसलेल्या जागी करा. मैदान, रिकामं पार्किंग काहीही. तिथे सरळ रेषेत जोरात ब्रेक मारायची प्रॅक्टिस करा, कोरड्या रस्त्यावर थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, त्यामुळे त्याला घाबरून फक्त मागचा दाबायची सवय लागली असेल तर ती मोडा, बूड सीटच्या मागे सरकवायचं, हात टेकून धरायचे आणि पुढचा हळूहळू वाढवत दाबायचा, एकदम आवळायचा नाही. मान वळवून मागे बघताना सायकल सरळ राहते का ते पण तिथेच बघून घ्या, खांदा आखडलेला असला की नाही राहत. मग ओळखीचा शांत रस्ता, मग थोडी गर्दी. जिथे पडलात तिथे आधी चालत जाऊन या, नंतर सायकलवर. आणि महिना उलटून गेला तरी तोच प्रसंग डोळ्यासमोर येतोय, झोपेतून दचकून उठताय, रस्त्याचं नाव काढलं की छातीत धडधडतंय तर समुपदेशकाकडे जा, हाडासाठी डॉक्टर चालतो तर यासाठी का नको.

आपण का पडलो याचा विचार पण शांतपणे एकदा करायचाच. चूक कोणाची होती ते इन्शुरन्सला आणि पोलिसांना लागतं, आपल्याला वेगळा प्रश्न लागतो, की पडायच्या तीन सेकंद आधी काय दिसायला हवं होतं आणि मी तेव्हा कुठे बघत होतो. समोरच्याची शंभर टक्के चूक असली तरी या प्रश्नाला उत्तर निघतं, आणि तेच पुढच्या वेळी कामाला येतं.

डोळे कुठे ठेवायचे

ताशी 25 किलोमीटरने आपण सेकंदाला जवळजवळ 7 मीटर जातो. काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं आणि बोटं ब्रेकवर आवळली यात एक ते दीड सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 7 ते 10 मीटर गेलेले. दोन सेकंद मोबाईलकडे किंवा सायकलच्या मीटरकडे बघितलं तर 14 मीटर आंधळे गेलात. म्हणून नजर लांब ठेवायची, अधूनमधून जवळ आणायची, परत लांब न्यायची.

उभ्या गाड्यांच्या रांगेपाशी दाराच्या रुंदीएवढं अंतर हवं, एक ते दीड मीटर, मग मागचा हॉर्न वाजवत राहिला तरी चालेल. गाडीत डोकं दिसतंय का, ब्रेकलाइट आत्ताच विझला का, हे बघत जायचं. गल्लीतून बाहेर येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरची आणि आपली नजरानजर झाली म्हणजे त्याने बघितलं असं समजू नका, बघूनही न दिसणं फार कॉमन आहे, आणि काचेच्या बाजूच्या जाड खांबामागे तर आख्खी सायकल लपते. त्याचं पुढचं चाक बघा, ते फिरायला लागलं की गाडी निघाली.

ट्रक-बस वळण घेणार असेल तर वळणाच्या आतल्या बाजूने कधीच घुसायचं नाही, सिग्नलला थांबलेली असली तरी नाही. मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून कापत जातात आणि ड्रायव्हरला तिथलं काही दिसत नाही. मागे थांबा, काही बिघडत नाही.

रस्त्याचं म्हणाल तर बरेच दिवसांनी पडणारा पहिला पाऊस सगळ्यात वाईट, तेल आणि धूळ मिळून चिकट साय होते रस्त्यावर. ओले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, ओली पानं यांच्यावर ब्रेकही मारायचा नाही आणि वळायचंही नाही, सरळ जायचं. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते दिसत नाही, त्यामुळे खोलच आहे असं धरा. ब्रेक रिमवरचे असतील तर पावसात आधी हलका दाबून पाणी पुसून घ्यायचं आणि मग खरा ब्रेक, थांबायला जास्त जागा लागते. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर बारीक टायर त्यात अडकतो. रेल्वेचे किंवा ट्रामचे रूळ होता होईल तेवढे काटकोनात ओलांडा, मागे बघून आधीच जरा बाजूला घेऊन मग आडवे जा, तिरके गेलात तर चाक खाचेत आणि तुम्ही जमिनीवर. वळणावर पसरलेली बारीक खडी दिसली तर वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर उशीर झालेला असतो.

सकाळी-संध्याकाळी आपली सावली बघायची सवय लावा. सावली आपल्या पुढे लांब पडली असेल तर सूर्य आपल्या पाठीशी आहे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात ऊन जातंय आणि त्याला आपण दिसत नाही आहोत. आपल्याला मात्र सगळं झकास दिसत असतं म्हणून हे लक्षातच येत नाही. सावली मागे असेल तर उलटं, मागून येणारा आंधळा, तेव्हा दिवसासुद्धा मागचा लाल लाइट चालू ठेवा. रात्री लाइट तर हवेतच पण घोट्याला चमकणारी पट्टी बांधा, पेडल मारताना ती वरखाली होते आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा सायकलवाला माणूस आहे, नुसत्या चमकत्या जॅकेटपेक्षा ते लवकर कळतं.

ग्रुपबरोबर जाणं मात्र जरा उशिराच सुरू करा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक घासलं की पुढचा वाचतो आणि आपण पडतो, आणि नुकतंच बरं झालेल्या माणसाला तेवढं चिकटून चालवायचा अंदाज लगेच परत आलेला नसतो. सुरुवातीला एका सायकलएवढं अंतर सोडून मागेच राहा, कोणी चिडवलं तर चिडवू दे.