मोठ्या फाइल अपलोड करताना सर्व्हर बसतो? या चुका टाळा

तक्रार ठरलेली असते. पन्नास एमबीची फाइल निमूट जाते, दोन जीबीचा व्हिडिओ टाकला की साइटच बसते. मग कोणीतरी नेटवर शोधून कॉन्फिगमधले सगळे आकडे वाढवतं आणि सर्व्हर रीस्टार्ट करतं. एरर जाते, पण साइट बसायची ती बसतेच. इथे एंजिनएक्स (ब्राउझरची रिक्वेस्ट घेणारा वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (साइटचा पीएचपी कोड चालवणारा प्रोग्राम) ही नेहमीची जोडी धरून बोलू.

लिमिट वाढवायला लागतात, हे खरं. एंजिनएक्स मुळात १ एमबीच्या वर काही घेत नाही, ४१३ एरर देऊन मोकळं होतं. पीएचपीत एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला, म्हणजे फॉर्मबरोबर एकदम येणाऱ्या सगळ्या डेटाला, ८ एमबी. पोस्टचा आकडा फाइलच्या आकड्यापेक्षा मोठा हवा, नेमकं तेच राहून जातं. तो ओलांडला की पीएचपी फॉर्मच रिकामा पुढे देतं. फॉर्मसोबतचं सुरक्षेचं टोकनही त्यात जातं, मग स्क्रीनवर ‘टोकन चुकीचं’ वगैरे दिसतं आणि बिचारा डेव्हलपर लॉगिनच्या कोडमध्ये बग शोधत बसतो. सर्व्हरच्या पुढे क्लाउडफ्लेअर या मधल्या सेवेचा फ्री प्लॅन असेल तर १०० एमबीच्या वरची रिक्वेस्ट तिथूनच परत जाते.

पीएचपीची मेमरी लिमिट २ जीबी करणं मात्र सरळ चूक. फॉर्ममधून आलेली फाइल पीएचपी डिस्कवर लिहितं, रॅममध्ये धरून ठेवत नाही. रॅम खातो तो आपलाच कोड: फाइल-गेट-कंटेंट्सने अख्खा व्हिडिओ एका व्हेरिएबलमध्ये ओढला की झालं. असे चार-पाच युजर एकदम आले की रॅम संपते, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालू प्रोसेस मारायला लागतो, आणि बऱ्याचदा पहिला बळी डेटाबेसचा जातो. फाइल तुकड्यातुकड्याने वाचा, लिमिट होती तिथेच राहू द्या.

सगळ्यात कमी पाहिली जाणारी जागा म्हणजे टेम्प फोल्डर. ब्राउझरकडून आलेला डेटा एंजिनएक्स आधी स्वतःच्या टेम्प फोल्डरमध्ये साठवतं. पूर्ण आला की पीएचपीला देतं, पीएचपी तो पुन्हा आपल्या टेम्पमध्ये लिहितं. म्हणजे २ जीबीच्या फाइलला काही काळ ४ जीबी जागा लागते. फाइल कायमची ठेवायचं फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ‘मूव्ह’ नावालाच, प्रत्यक्षात तिसऱ्यांदा कॉपी होते. काही लिनक्स वितरणांत टेम्प फोल्डर चक्क रॅममध्येच असतं. अपलोड चालू असताना ‘डीएफ -एच’ ही डिस्कची जागा दाखवणारी कमांड मारून बघा, आकडे डोळ्यांदेखत चढताना दिसतील.

प्रोग्रेस बार १०० टक्क्यांवर जाऊन अडकतो, त्याचंही मूळ इथेच. ब्राउझरचं काम संपलेलं असतं, आत कॉपी, व्हायरस स्कॅन, थंबनेल चालू असतं. पीएचपीकडून ६० सेकंद काहीच उत्तर आलं नाही तर एंजिनएक्स ५०४ देतं. टाइमआउट तासाभराचा करून ठेवू नका. फाइल जागेवर ठेवून लगेच उत्तर द्या, बाकीचं काम क्यूमध्ये, म्हणजे मागून करायच्या कामांच्या रांगेत टाका. त्याच युजरचे बाकीचे टॅबही लटकत असतील तर स्क्रिप्टने त्याचं सेशन (लॉगिनची माहिती) लॉक करून ठेवलंय का बघा.

दोनदा लिहिणं वाचवायला काहीजण एंजिनएक्सचं रिक्वेस्ट बफरिंग, म्हणजे हे आधी साठवून ठेवणं, बंद करतात. जपून. १ जीबीची फाइल १० एमबीपीएसच्या लाइनवरून चढायला पाव तासाच्या आसपास लागतो. बफरिंग बंद असेल तर तेवढा वेळ एक पीएचपी वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) अडकून पडतो, आणि लहान सर्व्हरवर वर्कर असतात किती?

फाइल खरंच मोठ्या असतील तर एका रिक्वेस्टचा हट्ट सोडा. ब्राउझरमध्येच तुकडे करून पाठवा. अर्धवट अपलोड पुढे चालू करण्यासाठीचा टस प्रोटोकॉल वापरलात तर वाय-फाय गेल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. ॲमेझॉनच्या एसथ्रीसारखं क्लाउड स्टोरेज असेल तर सही केलेली (तात्पुरती परवानगी देणारी) लिंक देऊन फाइल थेट तिकडे जाऊ द्या, आपला सर्व्हर मध्ये येतच नाही. एकाच रिक्वेस्टमध्ये ५ जीबीपर्यंत जाते, त्यापुढे मल्टिपार्ट, म्हणजे तुकड्यांत. फक्त अर्धवट राहिलेले तुकडे आपोआप पुसले जातील असा लाइफसायकल नियम पहिल्याच दिवशी लावा, नाहीतर यादीत न दिसणाऱ्या तुकड्यांचं बिल महिनोन्‌महिने येत राहतं.