भाट्याच्या खाडीवर जाळी बसवताना

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतली भरती-ओहोटी संगणकावर चालवायची, तर आधी खाडीवर हिशेबासाठी रकान्यांची जाळी बसवावी लागते. सरळ चौकोनी रकाने टाकले की काठ पायऱ्यापायऱ्यांचा होतो, आणि काजळी नदी काही पायऱ्या उतरून समुद्राला मिळत नाही. काठाबरोबर वळणारी जाळी हवी.

आधी काठावरचे बिंदू. उपग्रहाच्या चित्रावर मी दोन्ही काठ गिरवते (चित्र पावसाळ्यानंतरचंच घ्या, वाळू हलते). लांबीत 121 बिंदू, रुंदीत 31. समोरासमोरचे बिंदू तिरके पडले तर पुढे कितीही फेऱ्या मारा, काठाशी तिरकेपणा राहतोच. त्यामुळे अर्धा दिवस इथेच जातो, आणि जाऊ द्यावा. आतले बिंदू ट्रान्सफायनाइट इंटरपोलेशननं, म्हणजे चारही कडांवरच्या बिंदूंवरून आतल्या जागा काढून, भरा. ते कच्चं दिसलं तरी चालतं.

मग ही कच्ची जाळी लाप्लासच्या समीकरणानं गुळगुळीत करायची. पहिल्या खेपेला मी फसले ती इथे. लाप्लास म्हणजे प्रत्येक बिंदू चार शेजाऱ्यांच्या सरासरीवर, एवढंच धरून प्रोग्रॅम फिरवला. मुखापाशी वाळूचा दांडा आहे, तिथल्या रेघा पाणी सोडून दांड्यावर चढल्या. शेजारचे खारवी काका चहाला आले होते. स्क्रीन बघून म्हणाले, "जाळं वाळूवर ओढलंस काय गो?" नेमकं तेच झालं होतं. काठाला बांधून ताणलेलं जाळं मधला दांडा जाणत नाही, जवळची वाट धरतं.

खरी रीत उलटी आहे. झाय आणि ईटा हे जाळीचे क्रमांक (लांबीतला आणि रुंदीतला), क्ष आणि य या बिंदूच्या खाडीतल्या जागा. लाप्लासचं समीकरण त्यांनी खऱ्या खाडीत पाळायचं, क्ष-य यांनी जाळीत नव्हे. थॉम्प्सन, थेम्स आणि मॅस्टिन यांनी 1974 साली ही पद्धत रूढ केली. समीकरण उलटवलं की येतं:

अ × (झायच्या दिशेचा दुसरा डेरिव्हेटिव्ह) − 2ब × (मिश्र डेरिव्हेटिव्ह) + ग × (ईटाच्या दिशेचा दुसरा डेरिव्हेटिव्ह) = 0

हे क्षसाठी एकदा, यसाठी एकदा. अ म्हणजे ईटाच्या दिशेच्या उताराचा वर्ग (क्षचा अधिक यचा), ग म्हणजे तेच झायच्या दिशेनं. ब म्हणजे दोन्ही दिशांच्या उतारांचा गुणाकार, पुन्हा क्षचा अधिक यचा. अ, ब, ग दर फेरीला नव्यानं काढा. हे विसरलं की पहिलीच चूक वेगळ्या वेषात परत येते. ओव्हर-रिलॅक्सेशनचा गुणक (दर फेरीला बिंदू हिशेबापेक्षा किती पट सरकवायचा तो) 1.5 ठेवा, डळमळलं तर 1 च्या खाली या. सगळ्यात जास्त हललेला बिंदूही सेंटीमीटरभर हलला नाही की थांबा.

प्रवाह सोडण्याआधी प्रत्येक रकान्याच्या चारही कोपऱ्यांवर जॅकोबियनचं (तिथल्या रकान्याच्या चिन्हासकट क्षेत्रफळाचं माप) चिन्ह बघा. एक जरी ऋण निघाला तर तो रकाना उलटलाय. मी न बघता एक अख्खी रात्र मशीन चालवलं, सकाळी सगळीकडे 'नॅन', म्हणजे आकडाच नाही. बहुधा दोष दांड्याच्या टोकाशी असतो. तिथे बिंदू वाढवा.

लाप्लासची खोड अशी, की पाण्यात पुढे आलेल्या टोकाशी रेघा दाटतात आणि आत गेलेल्या वळणात विरळ होतात. टोकाशी पाणी जोरात असतं, तिथे दाटी हवीच. विरळ वळणासाठी उजव्या बाजूला शून्याऐवजी प्वासाँच्या समीकरणातले पी आणि क्यू (रेघा हव्या तिकडे ओढणारी पदं) घाला, काठापासून दूर जाताना घातांकी कमी होणारे. आकडे लहान ठेवून सुरुवात करा. हौसेनं मोठे घातले की जाळी विस्कटते आणि रकाने पुन्हा उलटतात.

काकांनी नवी जाळीही बघितली. जाळ्याच्या भोकाला ते आस म्हणतात. म्हणाले, "टोकाला आस बारीक केलीस ती बरी. पण त्या कोपऱ्यात एवढी मोठी? बोय मासा निसटेल." त्या वळणावर क्यू थोडा वाढवला.