मन खचलंय असं वाटतंय? आधी झोप आणि माणसं बघा

आपल्याकडं कुणाचं मन लागेना, चिडचिड वाढली की लोक लगेच म्हणतात मनानं कच्चा आहे. तसं नसतं हो. झोप, पैसा, बोलायला कुणी आहे का नाही, याचा मनावर लै परिणाम होतो, त्यामुळं सुरुवात तिथनंच करा.

आठवडाभर वहीत लिहा, कधी झोपलो, कधी उठलो, चहा किती झाले, कुणाशी निवांत बोललो. बहुतेकांची गडबड झोपेतच सापडते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो, पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत तापलेलं असतं, त्यात नळाला पाणी काही दिवसांआड आणि कधीकधी अवेळी, मग झोप मोडणारच ना, आणि सारखी मोडली की माणूस रडवेला नाहीतर रागीट होतो. पाणी भरायला घरात पाळी लावा, दरवेळी आईनंच उठायचं हे बंद करा. उठायची वेळ रोज एकच ठेवा. संध्याकाळचा चहा सोडा, कारण चहातलं झोप उडवणारं कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास जातात. दारूनं झोप पटकन लागते पण पहाटेच्या आधीच तुटते, तो इलाज नाही. यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर दिवसा खिडकीला जाड चादर लावून खोली अंधारी करा आणि तेवढा वेळ फोन घरच्यांकडं द्या.

आता माणसं. पोरं नोकरीला पुण्याला गेली, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, हे आता गल्लोगल्ली आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर भागत नाही, रोज पाच मिनिटं का होईना फोन करा, आणि नुसतं "जेवलीस का" विचारू नका, दिवस कसा गेला ते ऐकून घ्या. घरी एकट्यानं विड्या वळत बसणाऱ्या मावश्यांना माझं सांगणं आहे, सूप उचला आणि शेजारणीच्या दारात जाऊन बसा, काम तेवढंच होतं पण मन मोकळं होतं. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडं चालायला जाताना पण कुणालातरी सोबत घ्या, आठवड्याला 150 मिनिटं चालणं झालं तरी पुष्कळ.

कर्ज असेल तर घरात एका माणसाला तरी खरा आकडा सांगा. एकट्यानं लपवून ठेवलेलं कर्ज रात्री झोपू देत नाही.

एवढं करून पण दोन आठवडे उदासी हटत नसेल, खाणं-कामात लक्ष नसेल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथं दाखवा, गोळ्या सुरू झाल्या की डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. जगावंसं वाटत नाही असं कुणी बोललं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याला एकटं सोडू नका, लगेच 14416 लावा, टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं. त्याला बोलणं जमत नसेल तर शेजारी बसून तुम्ही बोला.